पाण्यावरील एका रेणूचें पांघरूण

आमच्या पारनेर तालुक्यांत पाऊस आधींच तुटपुंजा. त्यांतून तळ्यांतलें बरेंच पाणी उन्हाळ्यांत कोणी न पितां वाफ होऊन जातें. ही वाफ रोखण्यासाठीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत घारपुरे, बिस्वास प्रभृति संशोधकांनीं १९६० च्या सुमारास सेटिल अल्कोहोलसारख्या मेणचट द्रव्यांच्या पटलांचा अभ्यास केला.

या द्रव्याच्या रेणूचें एक टोंक पाण्याशीं सलगी करणारें, तर लांब शेपूट पाण्याला टाळणारें. उडून जाणाऱ्या द्रवांत विरघळवून त्याचे थेंब परातींतल्या पाण्यावर सोडले, कीं रेणू आडवेतिडवे विखुरतात. मग आडव्या पट्टीनें त्यांना एका बाजूस रेटीत न्यावें. दाटी होतांच सारे शेपट्या वर करून जोंधळ्याच्या ताटांसारखे उभे राहतात. जाडी केवळ मिलिमीटरचा सुमारें चार लक्षांवा भाग! पट्टीची ही युक्ति आग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनीं चक्क आपल्या स्वयंपाकघरांत योजिली. तिचा वृत्तांत १८९१ मध्यें प्रसिद्ध झाला.

अशा दाट रांगांतून वाफेला सहजासहजीं वाट मिळत नाहीं. परंतु तळें म्हणजे परात नव्हे. सुप्याकडील कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरविणारा वारा असलें पटल घटकेंत कांठाला लोटील, आणि द्रव्य पुनःपुन्हा टाकावें लागेल. माझ्या मतें निवाऱ्यांतल्या लहान तळ्यावर, टंचाईच्या अखेरच्या आठवड्यांत तें योजावें, एरवीं नव्हे.