आंबिवलीचा पूल आणि चिपळूणचे पत्र

29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे गेली. महिनाभराने घोषणा झाली की, एल्फिन्स्टन, करी रोड आणि आपल्या कल्याणपलीकडचे आंबिवली या तीन स्थानकांवरचे पादचारी पूल लष्कर बांधेल. फेब्रुवारी 2018 मध्ये ते खुलेही झाले. एरवी रेल्वेचा पूल मंजुरी, निविदा आणि मुदतवाढ यांत वर्षानुवर्षे अडकतो, त्यामुळे लोक म्हणू लागले की, सगळा कारभारच लष्कराच्या हाती द्यावा. यामागचा संताप रास्त आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. लष्कराकडून नेतृत्वाचा धडा जरूर घ्यावा, पण तो हुकमाचा नाही, पूर्वतयारीचा आहे.

हे पूल बेली पद्धतीचे. दुसऱ्या महायुद्धात डोनल्ड बेली या ब्रिटिश अभियंत्याने ही रचना केली. पोलादी चौकटी आधीच कारखान्यात तयार करून ठेवायच्या आणि जागेवर खिळी ठोकून एकमेकींत अडकवायच्या. एक चौकट दहा फूट लांब, पाच फूट उंच, सहा जवानांना उचलता येईल एवढ्याच वजनाची. क्रेन नसली तरी अडत नाही. वेग आला तो इथून. सुटे भाग तयार होते, ते जोडण्याचा सराव हाताला होता आणि कोणी काय करायचे हे ठरलेले होते. आंबिवलीच्या रुळांवर जे चार महिन्यांत उभे राहिले, त्याची तयारी कित्येक वर्षे आधीची होती.

पूर्वतयारीचा हा धडा कल्याणला नवा नाही. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि खाडीवर जहाजे बांधायला सुरुवात झाली. कामावर रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर, त्याचा मुलगा आणि हाताखाली तीनशेचाळीस माणसे होती. आरमार वाढू लागलेले पाहून वसईच्या पोर्तुगीजांनी 1659 मध्ये त्यांना गुपचूप परत फिरवले. परक्या हातांवर सगळी भिस्त असती तर काम तिथेच संपले असते. पण फेब्रुवारी 1665 मध्ये शिवाजी महाराज स्वतः आरमार घेऊन मालवणहून बसरूरवर गेले, आणि त्या ताफ्यात इंग्रजांच्या नोंदीनुसार 85 लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे होती. माणसे निघून गेली, पण विद्या खाडीवर राहिली. एखादा कर्तबगार अधिकारी बदलून गेला की त्याच्याबरोबर कामही जाते, हे आज आपण दर दोन-तीन वर्षांनी पाहतो.

यावर आक्षेप येतो की, लष्करात एकाची आज्ञा चालते, तर शहरात नगरसेवक असतात, न्यायालये असतात आणि हरकती घेणारे रहिवासीही असतात. मग ही तुलना कशी व्हावी? आक्षेप अर्धा खरा आहे, आणि ही अडचण म्हणजे लोकशाहीची किंमत आहे. ती मोजलीच पाहिजे. पण एकहाती अधिकाराचा प्रयोगही आपल्याकडे झालाच आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये कल्याण-डोंबिवलीची आणि मार्च 2022 मध्ये ठाण्याची मुदत संपली, आणि दोन्ही महापालिका काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. केवळ आज्ञेने कामे होत असती, तर त्या काळात घोडबंदर रस्त्यावर खड्डाच दिसायला नको होता.

शिवाय सैन्यातली चांगली आज्ञा नुसती आज्ञा नसते. महाराजांच्या काळातले चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेले एक पत्र पाहा. मे महिना आहे, घोडदळ पावसाळ्यासाठी मुक्कामी आहे. पत्र सांगते की, साठवलेली वैरण आणि दाणा आताच मन मानेल तसा उडवलात, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरचे धान्य, भाकर, लाकूड, भाजी उचलाल, तो घर सोडून पळेल, आणि त्याला मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल. त्यापुढे तर उंदराचाही विचार आहे. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, सारी पागा जळेल, आणि नंतर कोणाला कितीही कडक शिक्षा केली तरी गेलेले गवत परत येणार नाही.

राज्याचा धनी दिव्याच्या वातीपर्यंत उतरतो आणि प्रत्येक सूचनेमागचे कारण सांगतो, हे मला कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा मोठे वाटते. कारण कळलेला शिपाई साहेब पाठमोरा असतानाही दिवा विझवतो. आपल्याकडे मात्र आग लागल्यावर चौकशी समिती नेमली जाते. एल्फिन्स्टनचा पूल अपुरा पडतो हे प्रवासी आधीपासून सांगत होते. निर्णय व्हायला 23 मृत्यू लागले. लष्कराचे हात ऐन युद्धासाठी मोकळे असावेत, त्यांना जिने बांधायला का लावता, असेही तेव्हा अनेकांनी विचारले. प्रश्न योग्यच होता.

कारण सांगणारी सूचना काय साधते, हेही आपण पाहिले आहे. 27 जुलै 2019 च्या पहाटे उल्हास नदीचे पाणी चढले आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली. गाडीत हजारावर प्रवासी होते. रेल्वेने त्यांना कळवले की, खाली उतरू नका, आहात तिथे गाडीच सुरक्षित आहे. सूचना छोटीच होती, पण तिच्यात कारण होते. मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदल, हवाई दल आणि लष्कराची पथके आली, गावकरीही धावले. दुपारपर्यंत सगळे प्रवासी बाहेर आले आणि त्यांना कोल्हापूरला नेणारी विशेष गाडी कल्याणहून सुटली.