मांजराची आंधळी कोशिंबीर

बालमित्रांनो, आंधळी कोशिंबीर तुम्ही सर्वांनी खेळली असेल. ज्याच्यावर राज्य येते त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधतात, त्याला दोनतीन गिरक्या देतात आणि सोडून देतात. राज्य घेणारा आधी गोंधळतो. हात पुढे करून चाचपडू लागतो. पण थोड्या वेळाने तो काय करतो, हे कधी नीट पाहिले आहे का? तो जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो आणि कान देऊन ऐकतो. कोणी तरी खुदकन हसते, कोणाच्या बांगड्या किणकिणतात, कोणाची चप्पल फरशीवर घासते, आणि हा झटकन त्या दिशेला झेपावतो!

खेळ संपला की रुमाल सुटतो. पण ज्याच्या डोळ्यांवरचा रुमाल कधीच सुटणार नाही, अशा मांजराचे काय? ते खेळेल का? की कोपऱ्यात नुसते बसून राहील?

हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. आपल्याकडे नको असलेली पिले पिशवीत घालून बाजारात सोडून येणारे लोक आहेत. त्यातून पिलू आंधळे असले, तर ‘हे जगून तरी काय करणार?’ असे म्हणून त्याला सर्वांत आधी घराबाहेर काढतात. म्हणून आंधळे मांजर खरोखर काय करू शकते, हे शास्त्राच्या आधाराने तपासून पाहू.

होमरची गोष्ट

अमेरिकेत मायामी शहरात १९९७ साली एका पशुवैद्याकडे काळ्या रंगाचे एक बेवारशी पिलू आणले गेले. त्याचे वय होते अवघे काही आठवड्यांचे. रोगजंतूंमुळे त्याचे दोन्ही डोळे इतके बिघडले होते, की ते शस्त्रक्रिया करून काढून टाकावे लागले. असे पिलू घरी न्यायला कोणी तयार होईना. शेवटी ग्वेन कूपर नावाच्या तरुणीने ते नेले आणि त्याचे नाव ठेवले होमर. प्राचीन ग्रीसचा महाकवी होमर आंधळा होता, असे परंपरा सांगते. हे पिलू आपल्याकडे असते, तर त्याचे नाव बहुधा सूरदास पडले असते!

हा होमर पुढे काय काय करू लागला? तो कपाटांवर चढे, घरभर धावे, आणि उडणाऱ्या माशीची गुणगुण ऐकून हवेत उडी मारून ती पकडी! एका रात्री घरात चोर शिरला, तेव्हा हा चिमुकला बोका फिस्कारत त्याच्यावर धावून गेला. कूपर यांनी २००९ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले आणि होमर जगभर प्रसिद्ध झाला. तो २०१३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी वारला. मांजराच्या दृष्टीने हे चांगले दीर्घ आयुष्य म्हणायचे.

ही जादू नव्हे. होमरजवळ जी साधने होती, ती प्रत्येक मांजराजवळ असतात.

शिकारी कान

मांजराचा खेळ म्हणजे शिकारीचीच तालीम. दबा धरणे, झेप घेणे, पंजाने दाबणे, चावा घेणे, हे सारे उंदराच्या ऐवजी चेंडूवर चालते. आता उंदीर असतो कुठे? गवतात, अडगळीत, धान्याच्या पोत्यांमागे. आणि बाहेर पडतो तोही अंधारात. डोळस मांजरालासुद्धा पुष्कळदा तो आधी ऐकू येतो आणि मग दिसतो.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. मांजराची मर्यादा रिकी आणि हेन्री हेफनर या शास्त्रज्ञांनी १९८५ साली मोजली. ती निघाली ४८ पासून ८५,००० कंपनांपर्यंत! उंदीर एकमेकांना हाका मारताना जे श्राव्यातीत ध्वनी काढतात, ते आपल्याला मुळीच ऐकू येत नाहीत; मांजराला येतात.

पण आवाज ऐकू येणे निराळे आणि तो नेमका कोठून आला हे कळणे निराळे. हे मांजराला कसे कळते? आवाज उजवीकडून आला, तर तो उजव्या कानात आधी पोहोचतो आणि डाव्या कानात किंचित उशिरा. किती उशिरा? हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समजा, मांजराच्या एका कानापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यासाठी ध्वनीला ७ सेंटिमीटर जास्त अंतर तोडावे लागले. गणित करून पहा : हा उशीर सेकंदाचा सुमारे पाच हजारावा भाग एवढाच भरतो. एवढ्या सूक्ष्म फरकावरून मांजराचा मेंदू दिशा ठरवतो! शिवाय दूरच्या कानाला आवाज थोडा मंद ऐकू येतो, त्याचीही मदत होते. आणि मांजराचे दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना वळू शकतात, ही सोय आपल्याला नाही.

करून पहा

एका मित्राचे डोळे बांधून त्याला खोलीच्या मधोमध स्टुलावर बसवा. त्याने डोके हलवायचे नाही. तुम्ही वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून किल्ल्यांचा जुडगा एकदाच वाजवा. मित्राने आवाजाच्या दिशेला बोट दाखवावे. असे दहा वेळा करा आणि किती उत्तरे बरोबर आली ते वहीत लिहा. मग त्याला एका कानात बोट घालायला सांगून पुन्हा दहा वेळा करा. नंतर अगदी समोरून आणि अगदी पाठीमागून जुडगा वाजवून पहा. समोरचा आणि मागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोहोचतो, म्हणून तेथे घोटाळा होण्याचा संभव जास्त.

शेवटी दोन आवाजांची तुलना करा. एकदा तोंड मिटून ‘ऊं…’ असा सलग सूर काढा आणि एकदा कडक कागद चुरगाळा. कागदाची दिशा सांगणे सोपे जाते. कारण त्याच्या चुरचुरीत अनेक लहानमोठ्या कंपनसंख्यांचे ध्वनी एकत्र असतात आणि तो तुटक तुटक येतो. हा निष्कर्ष लक्षात ठेवा. खेळणी बनवताना तो उपयोगी पडणार आहे.

मिशा आणि मेंदू

पुढचे साधन म्हणजे मिशा. मिशीचे मूळ साध्या केसापेक्षा पुष्कळ खोल असते. त्याच्याभोवती रक्ताने भरलेली बारीकशी पिशवी असते आणि तेथे मज्जातंतूंचे दाट जाळे असते. मिशीच्या टोकाला हवेची झुळूक लागली तरी मांजराला ते कळते. असे राठ केस भुवयांवर आणि हनुवटीवरही असतात. एवढेच नव्हे, तर पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही असतात.

डोळस मांजराला फार जवळचे, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटरच्या आतले, स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे झेपेच्या शेवटच्या क्षणी ते मिशा पुढे करून भक्ष्याचा अंदाज घेते. म्हणजे शिकारीचा अखेरचा टप्पा डोळस मांजरही थोडीफार आंधळी कोशिंबीरच खेळते!

मेंदूही स्वस्थ बसत नाही. राउशेकर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने १९९४ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या मांजरांच्या पापण्या अगदी लहानपणापासून बंद ठेवल्या होत्या, ती आवाजाची जागा डोळस मांजरांपेक्षा अधिक अचूक ओळखत होती. मेंदूतील जो भाग एरवी पाहण्याच्या कामी येतो, त्यातला काही भाग ऐकण्याच्या आणि स्पर्शाच्या कामाला लागलेला आढळला. म्हातारपणी दृष्टी गेलेल्या मांजराला मात्र नव्या जगाशी जुळवून घ्यायला अधिक वेळ द्यावा लागतो.

आंधळ्या मांजराची खरी अडचण

एवढे सगळे असूनही आंधळे मांजर कधी कधी खेळ सोडून देते आणि झोपून राहू लागते. याचे कारण पुष्कळदा आपल्या खेळण्यांत असते.

मऊ लोकरीचा गुंडा त्याच्यापुढे टाकला. तो घरंगळला आणि थांबला. डोळस मांजराला तो कोपऱ्यात पडलेला दिसतो. आंधळ्या मांजराच्या दृष्टीने काय झाले? आवाज थांबला, त्या क्षणी खेळणे जगातून नाहीसे झाले! आंधळ्या कोशिंबिरीत सगळे गडी श्वास रोखून गप्प उभे राहिले, तर राज्य घेणाऱ्याला रडू येईल की नाही? तसेच हे आहे.

म्हणून आंधळ्या मांजराच्या खेळण्याचा नियम असा : ते वाजत राहिले पाहिजे, किंवा दूर जाता कामा नये, किंवा त्याला वास असला पाहिजे. या नियमाने करता येण्याजोगी काही खेळणी पाहा.

१. परातीतला चेंडू : उंच काठाच्या परातीत किंवा रुंद टबात टेबल-टेनिसचा चेंडू ठेवा. पंजा मारला की तो टकटक वाजत काठाने फिरतो आणि पुन्हा पंजाशी येतो. हरवण्याची भीतीच नाही.

२. फरशीवरचा उंदीर : हातभर काठीला जाड सुती दोरी बांधून तिच्या टोकाला कडक कागदाचा बोळा घट्ट बांधा. तो जमिनीवरून हळूहळू ओढा, थांबा, पुन्हा ओढा. मांजराचे कान कसे वळतात ते पहा. ते हुकले, तर बोळा त्याच्या पंजाला हलकेच लावा आणि परत सुरू करा. हवेत आवाज न करता नाचवलेले पीस त्याला कळणार नाही. जमिनीवर घासणारे मात्र लगेच कळेल.

३. घुंगराचा चेंडू : जुन्या पायमोज्यात चिंध्या भरून मधोमध एक मोठे घुंगरू ठेवा आणि तोंड पक्के शिवून टाका.

४. वासाचा शोध : पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगाळलेले कागद भरा आणि त्यांत उकडलेल्या मासळीचा एक लहानसा बिनकाट्याचा, बिनमिठाचा तुकडा लपवा. कागदांची चुरचुर आणि मासळीचा वास यांत मांजर छान रमते.

एका वेळी पाच-दहा मिनिटे खेळ पुरे; दिवसातून दोनतीनदा खेळावे. शेवटी शिकार मांजराला मिळू द्या आणि वर काही खाऊही द्या. प्रत्येक वेळी हुलकावणी मिळाली, तर कोणीही खेळ सोडून देईल.

हे सांभाळा

बारीक दोरा, लोकर आणि रबरबँड मांजराजवळ ठेवू नका. दोरा गिळला गेला, तर आतडी आवळली जाऊन मांजराच्या जिवावर बेतते. खेळ संपला की काठी-दोरीही उचलून ठेवा.

स्पर्श करण्याआधी त्याला नावाने हाक मारा. एकदम उचलू नका, आणि उचललेच तर त्याच्या पाण्याच्या भांड्याजवळ खाली ठेवा, म्हणजे आपण कोठे आहोत हे त्याला समजेल. भांडे, मातीची पेटी आणि घरातले सामान यांच्या जागा बदलू नका. घराचा सगळा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. तुम्ही खुर्ची हलवली की तो चुकतो. त्याला एकटे बाहेर सोडू नका. गच्ची, विहीर आणि रस्ता यांपासून जपा.

पुष्कळजण प्रेमाने आंधळ्या मांजराच्याच गळ्यात घुंगरू बांधतात. हे चूक आहे. स्वतःच्याच घुंगराच्या आवाजात त्याला बाकीचे जग ऐकू येत नाही. घरात दुसरे मांजर असेल, तर घुंगरू त्याच्या गळ्यात बांधा!

अंधत्व टाळता येते का?

काही वेळा येते. पिलांचे डोळे चिकटू लागले, त्यांतून पू येऊ लागला, तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. माणसांचे औषध घालू नका. वेळेवर उपचार झाले, तर पुष्कळ पिलांचे डोळे वाचतात. म्हाताऱ्या मांजराची दृष्टी एकाएकी गेली, तर रक्तदाब वाढल्याची शंका असते. अशा वेळीही घाई करायला हवी.

आणखी एक कारण आपल्या स्वयंपाकघरातले आहे. मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटलाला टॉरीन नावाचे द्रव्य लागते. ते मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, म्हणून अन्नातून मिळावे लागते. दुधातले केसीन हेच ज्यातले प्रथिन, अशा खास बनवलेल्या आहारावर ठेवलेल्या मांजरांची दृष्टिपटले टॉरीनच्या अभावी खराब होतात, हे १९७५ साली अमेरिकेतील संशोधनातून सिद्ध झाले. टॉरीन मांसात आणि मासळीत असते. म्हणजे नुसत्या दूधभातावर किंवा दूधपोळीवर वाढणाऱ्या मांजराला, त्यातही उंदीर न मारणाऱ्या मांजराला, धोका संभवतो. मासळी उकडली, तर पाणी फेकू नका; टॉरीन त्यात उतरते. मासळीबरोबर ते पाणीही मांजराला द्या.

मित्रांनो, तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरी आंधळे मांजर असेल, तर एक वही घाला. कागद, घुंगरू, चेंडू, नखाने फरशीवर टकटक, यांपैकी कोणत्या आवाजाला त्याचे कान आधी वळले, किती वेळा त्याची झेप बरोबर पडली, ते रोज लिहा. पंधरा दिवसांनी वही चाळलीत, तर तुमच्या मांजराला कोणता खेळ आवडतो हे तुम्हालाच सांगता येईल. आणि कोणी म्हणाले, ‘हे आंधळे पिलू सोडून या,’ तर त्यांना आधी परातीतला चेंडू दाखवा आणि पिलाला खेळू द्या.