रंगनतिट्टूची नाव आणि फील्डक्राफ्टचा धडा

बेंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याने सुमारे १२५ किलोमीटर गेले की श्रीरंगपट्टण येते. तिथून जवळच कावेरीच्या पात्रात काही छोटी बेटे आहेत. हेच रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य. आपल्याला भेटायला येणारे पालक बहुधा म्हैसूरचा राजवाडा पाहून परततात. सवड असेल तर वाट थोडी वाकडी करून इथल्या नावेत जरूर बसावे.

ही बेटे माणसाच्या कामातून तयार झाली. सतराव्या शतकात म्हैसूरच्या राजाने कावेरीवर बंधारा बांधला. पाणी पसरले आणि पात्रातले उंचवटे तेवढे वर राहिले. पुढे मुंबईचे पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी तिथली घरटी पाहिली. त्यांच्या सांगण्यावरून १९४० मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी हे अभयारण्य घोषित केले. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आपल्या नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरही असेच गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे बनले. ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले.

पक्षी बेटावरच घरटी का करतात? किल्ल्याला खंदक असतो, तसे बेटाला पाणी. रानमांजर किंवा कुत्रा सहज पलीकडे जाऊ शकत नाही. शिवाय या खंदकात मगरी आहेत!

वनखात्याची नाव वल्ह्यांनी चालते, त्यामुळे इंजिनाचा आवाज नसतो. लाईफ जॅकेट घालून बसले की नावाडी अण्णा दोन्ही बाजूंचे पक्षी दाखवत जातात. आपण एनसीसीत शिकलेला ‘वस्तू का दिसतात’ हा धडा इथे उपयोगी पडतो. आकार, सावली, बाह्यरेषा, पृष्ठभाग, अंतर आणि हालचाल. खडकावरची मगर खडकाच्याच रंगाची असते, पण तिच्या पाठीची खवलेदार रेषा खडकासारखी नसते. ती रेषा शोधावी. मगर तोंड उघडे ठेवून पडलेली दिसली तर ती चिडलेली आहे असे समजू नये. शरीराची उष्णता कमी करण्यासाठी ती तसे करते. कन्नडमध्ये तिला ‘मोसळे’ म्हणतात.

झाडांवर पिवळ्या चोचीचे चित्रबलाक असतात. चोचीच्या मधोमध फट असलेला पक्षी म्हणजे मुग्धबलाक. गोगलगायी हे त्याचे आवडते खाद्य. चमच्यासारख्या चोचीचा पक्षी तर कोणीही ओळखेल. सर्वांत अवघड काम म्हणजे नदी सुरयची अंडी शोधणे. ती उघड्या खडकावर असतात आणि त्यांच्यावरचे ठिपके खडकात मिसळून जातात. हा पक्षी आज जगात धोक्यात असलेल्या पक्ष्यांमध्ये मोडतो.

काही दिसले की उभे राहून हात दाखवायचा मोह होतो. तसे करू नये. नाव हलते आणि पक्षी दचकतात. त्याऐवजी घड्याळाची पद्धत वापरावी. नावेचे टोक म्हणजे १२ वाजले असे धरून हळू आवाजात सांगावे, “११ वाजता, खालची फांदी.” सगळ्यांच्या नजरा बरोबर तिथे जातात.

फोटोसाठी “अण्णा, अजून जवळ घ्या” असा आग्रह काही लोक धरतात. जवळ गेल्यावर काय होते ते समजून घ्यायला हवे. घाबरून आई-बाप घरट्यावरून उडाले की पिल्ले उन्हात उघडी पडतात. कावळे आणि घारी तीच संधी शोधत असतात. पिल्लू घाबरून खाली पडले तर पाण्यात मगर आहेच. आपल्याला एक फोटो मिळतो, पण पक्ष्याचा पूर्ण हंगाम वाया जाऊ शकतो. म्हणून अण्णा नाव जिथे थांबवतील तीच आपली सीमा. दुर्बीण न्यावी, म्हणजे जवळ जाण्याची गरजच पडत नाही.

घरटी पाहायची असतील तर साधारण डिसेंबर ते मे या काळात, सकाळी लवकर जावे. पावसाळ्यात वरच्या कृष्णराजसागर धरणातून पाणी सोडले की नावा बंद ठेवतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी.

फील्डक्राफ्टमध्ये आपण शत्रूच्या नजरेला न पडता त्याला पाहायला शिकतो. इथे समोर शत्रू नाही, तरी नियम तोच आहे. आपण येऊन गेल्यावरही पक्षी घरट्यावर बसलेलाच असेल, तर आपली फेरी यशस्वी झाली.