चटका कळतो कसा?
मे महिन्यात अकोल्याच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी पाय पडला, की चटका कळायच्या आत तो मागे येतो. कातडीतल्या मज्जातंतूंनी दिलेली वर्दी मज्जारज्जूत पोहोचते आणि तिथूनच हुकूम सुटतो. मेंदूला वेदना कळते ती नंतर. आधी तीव्र कळ, मागून बारीक तंतूंनी सावकाश आणलेली ठणक.

मधुमेहात हेच तंतू बिघडतात. बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ च्या सुमारास मज्जातंतूंच्या दाहाने त्यांनी कित्येक रात्री जागून काढल्या.

पण दुखणे थांबले म्हणजे बरे झाले, असे नव्हे. तंतू मेले, की काटा रुतलेलाही कळत नाही. जखम चिघळून पाय कापायची पाळी येते. घरात साखरेचा आजार असेल, तर माता-भगिनींनो, रोज रात्री तळवे उजेडात पाहा. बोटांच्या बेचकेही.