फ्रीमेसन प्रतीके आणि व्यक्तिगत अर्थाचा प्रश्न

फ्रीमेसन या बंधुसंघाची गणना गुप्त संस्थांमध्ये होते आणि त्याच्या चिन्हांविषयीची जिज्ञासाही बहुधा गुप्ततेपाशीच थांबते. वस्तुतः या चिन्हांत गुप्त असे फारसे काही उरलेले नाही. परंपरेनुसार लंडनमधील चार लॉजांनी १७१७ मध्ये एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापन केली. जेम्स अँडरसनने १७२३ मध्ये तिची नियमसंहिता प्रसिद्ध केली आणि १७३० मध्ये तर सॅम्युएल प्रिचर्डने दीक्षाविधीच छापून बाजारात आणला. भाषाभ्यासकापुढील खरा प्रश्न निराळा आहे. ज्या चिन्हाचा अर्थ दीक्षेच्या वेळी पाठ केलेल्या शब्दांत सांगितला जातो, त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्यापुरता शोधावयाचा असतो, असे मेसन मानतात. परंतु अर्थ ही जर भाषिक समाजाची सामाईक मालमत्ता असेल, तर ‘व्यक्तिगत अर्थ’ हा वदतोव्याघात ठरत नाही काय?

ही चिन्हे बहुतांशी गवंड्याची अवजारे होत. गुण्या सदाचरणाचा, कंपास वासनांना घातलेल्या मर्यादेचा, पाणसळ समतेची आणि ओळंबा सरळपणाचा द्योतक. चोवीस इंची पट्टी दिवसाच्या चोवीस तासांचे योग्य वाटप सुचविते. अनघड दगड हा दीक्षार्थी, तर घडीव चिरा हे त्याचे साध्य. सोस्यूरने भाषिक चिन्ह यादृच्छिक मानले, परंतु प्रतीक कधीच पूर्णतः यादृच्छिक नसते, न्यायाच्या तराजूऐवजी तेथे रथ ठेवता येत नाही, असे बजावले. ओळंबा याच जातीचा आहे. म्हणूनच मराठी वाचकाला तो परका वाटत नाही. ‘सरळ माणूस’ हा प्रयोग त्याच अनुभवावर उभा आहे, आणि टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण ज्याला ठाऊक आहे, त्याला अनघड दगडाचे निरूपण निराळे ऐकण्याची गरज नाही.

तथापि हा नैसर्गिक संबंध अर्थाची दिशा तेवढी ठरवितो. नेमका अर्थ ठरवीत नाही. हातोड्याचेच पाहावे. इंग्लंडमधील प्रचलित पाठात तो सदसद्विवेकाचे बळ सुचवितो आणि छन्नी शिक्षणाचे लाभ. अमेरिकन पाठात त्याने अंतःकरणातील दुर्गुणांचे कंगोरे उडवावयाचे असतात. फ्रेंच भाष्यकार त्यात इच्छाशक्ती आणि छन्नीत तारतम्यबुद्धी पाहतात. तिन्ही अर्थ आघाताच्या क्रियेतूनच निघतात, आणि त्यांतला खरा कोणता हे सांगणारे पीठ या संघात नाही. विधीतील शब्दांविषयी लॉज कमालीची काटेकोर असते. त्यांवरील भाष्याविषयी नसते.

‘जी’ या रोमन अक्षराचे उदाहरण भाषादृष्ट्या सर्वांत उद्बोधक आहे. इंग्रजीत ते भूमिती आणि ईश्वर या दोन्ही शब्दांचे आद्याक्षर असल्याने दुहेरी अर्थ सहज जमतो. फ्रेंचमध्ये ईश्वरवाचक शब्द ‘द’ने सुरू होतो; तेथे हा योग मोडतो. मग अक्षर टाकून द्यावे, तर तसे घडले नाही. भूमिती, जनन, गुरुत्वाकर्षण, प्रतिभा आणि गूढज्ञान असे पाच अर्थ फ्रेंच परंपरेने त्याच अक्षरात बसविले. (मराठीत या पाचांपैकी पहिल्या चौघांत एकट्या गुरुत्वाकर्षणालाच ‘ग’ लाभतो.) चिन्ह टिकले आणि अर्थ त्याच्यामागून आला, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

या घटनेसाठी भारतीय काव्यशास्त्रातील परिभाषा अधिक नेमकी वाटते. ‘सूर्य मावळला’ या एकाच वाक्यातून राजाला चढाईची वेळ, गुराख्याला गाई वळविण्याची वेळ आणि अभिसारिकेला निघण्याची वेळ कळते, हे मम्मटाने दाखविले आहे. वाच्यार्थ सर्वांस एकच. व्यंग्यार्थ मात्र ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, यांवर अवलंबून. मेसनचा व्यक्तिगत अर्थ हा या दुसऱ्या कोटीतला आहे. विधीत सांगितलेला अर्थ त्याचा वाच्यार्थ ठरतो आणि त्याच्या आधारावाचून पुढची व्यंजना संभवत नाही. म्हणून वर सुचविलेला वदतोव्याघात येथे उद्भवत नाही. युरोपातील कित्येक लॉजांत दीक्षिताला हातमोज्यांचे दोन जोड मिळत, एक स्वतःसाठी आणि दुसरा त्याला सर्वांत आदरणीय वाटणाऱ्या स्त्रीसाठी. १७८० मध्ये वायमार येथे दीक्षा घेतल्यावर गटेने तो जोड शार्लोटे फॉन श्टाइन हिला पाठविला. शुभ्र मोजा म्हणजे निर्मळ हात, हा अर्थ संघाचा. तो कोणाला द्यावयाचा, हे चिन्हातच मोकळे ठेवलेले.

हा मोकळेपणा अमर्याद मात्र नाही, आणि त्याची कसोटी भारतातच लागली. संघाने ईश्वराला ‘विश्वाचा महान शिल्पकार’ असे नाव दिले ते मुद्दामच संदिग्ध आहे. ख्रिस्ती, यहुदी, मुसलमान यांनी त्यात आपापला ईश्वर पाहावा आणि शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घ्यावी. मुंबईत माणकजी करसेटजी यांना प्रवेश नाकारला गेला. त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे १८४३ मध्ये जेम्स बर्न्स याने भारतीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत उघडले. कलकत्त्यात आक्षेप अधिक तात्त्विक होता: हिंदू अनेक देव मानतो, तेव्हा ‘शिल्पकार’ या एकवचनात तो काय पाहणार? प्रसन्नकुमार दत्त यांना अखेर १८७२ मध्ये प्रवेश मिळाला. आक्षेप घेणारे अर्थ व्यक्तिगत आहे हे नाकारीत नव्हते. तो किती दूर जाऊ शकतो हे आपण ठरवू, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

दुसरी कसोटी पाच वर्षांनी फ्रान्समध्ये लागली. ‘ग्रँड ओरिएंट’ने १८७७ मध्ये ईश्वर आणि आत्म्याचे अमरत्व यांवरील श्रद्धेची अट घटनेतून काढून टाकली, म्हणजे ‘शिल्पकारा’ने कोणाचाच निर्देश न करणे हाही एक ग्राह्य अर्थ ठरविला. अनेक देव पाहणाऱ्याला अखेर आत घेणाऱ्या इंग्लिश ग्रँड लॉजने एकही न पाहणाऱ्याशी मात्र संबंध तोडले, आणि ते अद्याप जुळलेले नाहीत.