एकाच पायाला सूज आली तर मालिश नको, दवाखाना गाठा

१३ ऑक्टोबर हा जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. थ्रॉम्बोसिस म्हणजे रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होणे. दुसऱ्याच दिवशी १४ ऑक्टोबर. त्या सुमारास फुलचूर असो की गोंदियाची कोणतीही वस्ती, आपल्या घरांत नागपूरला दीक्षाभूमीवर जाण्याची लगबग असते, आणि आदला दिवस कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण या आजाराची माहिती आपल्या घरांना जास्तच हवी. आपल्याकडे सिकलसेल आहे, बाळंतिणीला झोपवून ठेवण्याची रीत आहे आणि दुखणे अंगावर काढण्याची सवय आहे. तिन्ही गोष्टी गुठळीला वाट करून देतात.

गुठळी होते कशी?

जखम झाली की रक्त गोठते, म्हणून आपण वाचतो. पण तेच रक्त शिरेच्या आत गोठले तर घात होतो. जर्मनीचे डॉक्टर रुडॉल्फ विर्को यांनी एकोणिसाव्या शतकात यावर मोठे काम केले. १३ ऑक्टोबर हा त्यांचाच जन्मदिवस. त्यांच्या नावाने आजही नर्सिंगच्या वर्गात तीन कारणे शिकवतात: रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेला इजा होणे आणि रक्त दाट होऊन लवकर गोठणे.

पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चाललो की ते चालतात, आपण पडून राहिलो की तेही थांबतात. मग पायाच्या खोल शिरेत गुठळी धरते. ती सुटून हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकली तर माणूस काही मिनिटांतही दगावू शकतो.

धोका कोणाला जास्त?

बाळंतीण: गरोदरपणात निसर्गच रक्त लवकर गोठण्याची तयारी करून ठेवतो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे सर्वांत जोखमीचे. सिझर झाले असेल तर धोका आणखी वाढतो. त्यात बाळंतिणीला खाटेवरून उठू द्यायचे नाही आणि पाणी बेतानेच द्यायचे, ही आपल्याकडची जुनी समजूत. पाणी कमी पडले की रक्त दाट होते. कधी गुठळी डोक्याच्या शिरेत होते. मग न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणे, झटके येतात. घरचे म्हणतात, "वारं लागलं," "बाहेरचं झालं." हे बाहेरचे नाही, मेंदूतल्या गुठळीचे लक्षण असू शकते.

सिकलसेल: एसएस पॅटर्नच्या रुग्णात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, चिकटतात, आणि रक्त गोठण्याकडे झुकलेले असते. सिकलसेल असलेली बाई बाळंत झाली तर दोन धोके एकत्र येतात. एएस म्हणजे वाहकाने घाबरून जाऊ नये, पण ऑपरेशन किंवा बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना ते सांगावेच. शासनाने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आहे. तपासणी झाली नसेल तर आशाताईंना विचारा, आणि मिळालेले कार्ड पेटीत न ठेवता दवाखान्यात सोबत न्या.

बाकीचे: मोठे ऑपरेशन झालेले, पायाला प्लास्टर असलेले, कॅन्सरचे रुग्ण, आधी गुठळी झालेले, आणि तासन्‌तास एका जागी बसणारे. बिड्या वळणाऱ्या आपल्या बायाबहिणी यातच येतात. माला-डीसारख्या गोळ्यांनी धोका थोडा वाढतो, गरोदरपणात मात्र त्याहून जास्त असतो. म्हणून गोळी मनाने बंद करू नका. पण सिकलसेल असेल, वय ३५ च्या वर असून तंबाखू ओढत असाल किंवा घरात कोणाला गुठळी झाली असेल, तर सिस्टरला सांगून दुसरे साधन घ्या.

लक्षणे ओळखा

पायात: बहुधा एकाच पायाला सूज, पोटरी किंवा मांडी दुखणे, कातडी ताणलेली आणि हाताला गरम लागणे. पुस्तकात "लाली येते" असे लिहिलेले असते. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसेलच असे नाही. म्हणून दोन्ही पायांना हात लावून पाहा: एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड आहे का, गरम आहे का?

छातीत: अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, नाडी जोरात चालणे, खोकल्यातून रक्त येणे, चक्कर येऊन पडणे. सिकलसेलच्या रुग्णाला छातीत दुखले तर "नेहमीचेच दुखणे" म्हणून गोळी देऊन थांबू नका.

काय करायचे?

सुजलेला पाय चोळू नका, तेल लावून मालिश करू नका. दाबल्याने गुठळी सुटू शकते. "नस चढली" म्हणून झाडफूक करण्यात रात्र घालवू नका. गरोदर आणि बाळंत मातेसाठी १०२, इतर तातडीसाठी १०८ लावा. दोन्ही गाड्यांचे पैसे लागत नाहीत. फुलचूरला गोंदिया शहर लागूनच आहे. उद्या जाऊ म्हणण्याचे कारण नाही.

डॉक्टरांना स्वतःहून सांगा: बाळंतपण किंवा ऑपरेशन कधी झाले, सिकलसेल आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. आणि विचारा: "ही रक्ताची गुठळी तर नाही ना?" हे विचारण्यात लाज नाही, तो आपला हक्क आहे. पायाची डॉप्लर सोनोग्राफी केली की बहुतेकदा कळते. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने आणि गोळ्या साधारण तीन महिने तरी चालतात. सूज उतरली म्हणून गोळी सोडू नका, आणि न विचारता दुखण्याची गोळी किंवा जडीबुटी घेऊ नका.

टाळायचे कसे?

डॉक्टरांनी परवानगी देताच बाळंतिणीला चालते करा, मागेल तेवढे पाणी द्या. बिड्या वळताना तासाभराने उठून अंगणात फेरी मारा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना रात्रभर गाडीत बसावे लागते. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात धोका वाढतो. जागा नसेल तरी टाचा-चवडे वरखाली करत राहा. संडासला जावे लागेल म्हणून पाणी पिणे बंद करू नका.

आमची विनंती एवढीच. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर यातली लक्षणे कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावीत. ज्या घरात नुकतेच बाळंतपण झाले आहे, त्या घरी महिला मंडळाने एकदा जाऊन यावे, बाळाबरोबर आईचेही पाय पाहावेत.