साचे वाढले, काम वाढले का?

थोड्या माणसांत जास्त काम, एवढाच कार्यक्षमतेचा अर्थ पुष्कळ मालक करतात. १९२८ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी विणकराने दोनांऐवजी तीन साचे (आपण माग म्हणतो) सांभाळावेत असा आग्रह धरला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालला. त्याला इतरही कारणे होती.

सूत तुटले की साचा थांबवावा लागतो. एकावरचा धागा सांधेपर्यंत दुसऱ्यावरचा तुटला, तर तो तसाच उभा! म्हणून साचे वाढवण्याआधी कापूस चांगला हवा, आणि कापसाची खरेदी विणकर करीत नाही.

आपल्या खर्डीत कोणी लहानसा कारखाना काढला, तर त्याने कामगारामागे घड्याळ घेऊन उभे राहण्याआधी आठवडाभर वहीत लिहावे: यंत्र किती वेळ उभे राहिले, आणि कशापायी? मालासाठी, विजेसाठी, की शेटजींच्या सहीसाठी?